एक लाख तीन

१

सांगलीच्या हळदपेठेत केरबा तोडकराला लोक दोन गोष्टींवरनं ओळखत. एक म्हणजे, त्याच्या दुकानातनं चहा घेतल्याशिवाय कुणी उठलेलं त्याला खपत नसे. दुसरी म्हणजे, कुठलाही आकडा समोर आला की तो फोडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाळा तिसरीपर्यंत, तीही कराडजवळच्या एका खेड्यात, देवळाच्या ओवरीत. पण पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे असे पाठ, की जेवताना विचारा, घास न थांबवता सांगेल. स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्यावर हा गडी मुंडावळ्या वर सारून आचाऱ्याकडं गेला आणि म्हणाला, "एकशे त्रेचाळीस पानं हायेत. अकरा वळी धरा, तेरा-तेराच्या. एकबी माणूस उभा ऱ्हाणार न्हाई." सासरच्या मंडळींना कळेना, जावई हुशार म्हणायचा की अर्धवट. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी त्याची बायको अंबूबाई हिचं मत अजून ठरायचं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा बाळासो पलटणीत होता. जपान्यांपुढं सिंगापूर पडल्याला चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं. गेला असं कुणी कळवलं नव्हतं, आहे असंही कुणी कळवलं नव्हतं. अंबूबाईनं हरिपूरच्या संगमेश्वराला लाखोली बोलली : एक लाख अखंड तांदूळ, हातानं मोजलेले. फुटका दाणा चालायचा नाही. लाख वाहिले की पोरगं दारात उभं राहील, एवढं साधं तिचं गणित. केरबाला त्यात खोट काढावीशी वाटली नाही.

रेशनचे दिवस. समोरचा गुळाचा अडत्या सुकुमार चौगुले, त्यानं भोरकडच्या ओळखीतनं तीन शेर आंबेमोहोर आणून दिला. दुपारची जेवणं उरकली की अंबूबाई आणि गल्लीतल्या सहाजणी माजघरात बसायच्या. शंभर दाणे झाले की एक चिंचोका बाजूला. दोन दुपारींत हजार चिंचोके भरले. मोजलेला तांदूळ पितळी डब्यात घातला, उरलेला कोठीत गेला.

केरबानं पेठेतला शिरस्ता सांगितला. "माल घेताना एकदा मोजावा, देताना एकदा."

बायकांनी नाकं मुरडली, पण मोजला. हजार चिंचोके झाले आणि परातीत तीन दाणे उरले.

२

केरबा हसला. बसणाऱ्यांत साळूबाई होती. ती शेजारी वाटीभर साखर परत द्यायची झाली तरी वर चिमूट टाकायची. नुसतं काठोकाठ माप तिच्या हातनं सुटतच नसे. तिनंच देवाच्या मापाला शीग लावली असणार.

"साळूबाई, देव काय गिऱ्हाईक हाय व्हय? वरचं कशाला घालताय?"

"मी न्हाई बया घातलं," साळूबाई म्हणाली. "आन् घातलं असंल तर बिघडलं काय? कमी तर न्हाई ना पडलं."

"लाख म्हंजे लाख."

त्यानं ते तीन दाणे चिमटीत घेतले, परसात जाऊन चिमण्यांना टाकले आणि चिमण्यांनी ते उचललेले बघूनच आत आला. डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. देवाचं काम, उगाच मनात किंतू नको, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसवलं. या खेपेला शंभराऐवजी पन्नासाचे ढीग, सात बायांऐवजी चार, आणि चिंचोके स्वतः केरबाच्या हातात.

दोन दिवस गेले. दोन हजार ढीग झाले, वर तीन दाणे.

 बाहेर उन्हात हमालाचा हातगाडा खडखडत गेला. केरबानं चिंचोके मोजले, परत मोजले. मग त्याला वाटलं, पहिल्या मोजणीतच तीनाच्या जागी सहा जास्त आले असतील. बाया बोलत बोलत मोजतात. मनुबाई तर सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता सत्तरावरनं ऐंशीवर जाते. चूक व्हायचीच. पण चुकांना काही धरबंध नसतो. तीच चूक, तेवढीच, दोनदा होते का?

त्यानं पुन्हा तीन दाणे काढले. हे त्यानं चिमण्यांना टाकले नाहीत, चावून खाल्ले. आणि पुन्हा मोजणी झाली.

एक लाख तीन.

३

"बायांची वाटणी सारखी न्हाई, म्हणून घोळ हुतोय," केरबा सुकुमारला म्हणाला. दोघं दुकानाच्या गादीवर पाटी घेऊन बसले होते. "एकीला जास्त, एकीला कमी. मग एकमेकीच्या ढिगातलं हिकडं तिकडं हुतं. समान वाटून दिलं की कुणाकडं किती चुकलं ते दिसंल."

"मग दे की समान वाटून."

"सातजणीत एक उरतोय. आठजणीत तीन उरत्यात. नऊ घेतल्या तर चार."

सुकुमारनं पाटी ओढून घेतली. तोही आकड्यांचा शौकीन, फक्त शाळा चार इयत्ता जास्त शिकलेला. तेवढ्या चार इयत्ता तो केरबाला कधी विसरू देत नसे. म्हणाला, "तीनशे सोळाच्या म्होरं जायचं कारण न्हाई. तीनशे सतरा गुणिले तीनशे सतरा लाखाच्या वर जातंय. आकडा फुटायचा असला तर त्येचा एक तुकडा तरी तीनशे सोळाच्या आत घावलाच पायजे."

दोनापासून सुरुवात केली. जे आकडे स्वतःच फुटतात ते सोडायचे. सहाची गरज नाही, दोन आणि तीन झाले की झालं. असे पासष्ट आकडे तपासायचे निघाले. चहा आला, गार झाला, परत आला. एकोणतिसाला केरबानं मांडी बदलली आणि पाटी वर धरली.

"फुटला. एकोणतीस गुणिले तीन हजार चारशे एकोणपन्नास. ताळा बघ नवाचा, अंकांची बेरीज कर. हिकडं दोन, हिकडं दोन, गुणाकार चार. आन् एक लाख तीनचेबी चारच. बसला."

"एकोणतीस बाया आणणार कुठनं?"

"आणतो की. मिरजेपासनं आणतो."

सुकुमारनं निमूटपणे पुरा गुणाकार मांडला आणि पाटी त्याच्यापुढं सरकवली. एक लाख एकवीस. अठराची चूक, भागाकारात हातचा चुकलेला. नवाच्या ताळ्याला नवाची चूक दिसत नाही, अठराचीही दिसत नाही. सगळी पेठ तो ताळा लावते आणि सगळी पेठ त्याच खड्ड्यात पडते. केरबानं कान धरले आणि दोघं पुढं निघाले. एकतीस. सदतीस. एकेचाळीस. ऊन पायरीवरनं रस्त्यावर उतरलं, तेव्हा ते तीनशे तेराला पोचले. तोही गेला नाही.

"मूळ संख्या," सुकुमार म्हणाला. "शाळेत म्हणायचे. ही कुणात वाटून जात न्हाई. हिला दोनच वाटण्या ठाव्या."

"कुठल्या?"

"एकाच माणसानं समदे मोजायचे. न्हाईतर एक लाख तीन माणसं आणायची, आन् एकेकानं एकेक दाणा ठिवायचा." सुकुमार हसला. "एवढी माणसं अख्ख्या सांगलीत न्हाईत गड्या."

आतल्या दारात अंबूबाई उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मग मी एकटीच मोजते," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवसापासून तिनं बायांना यायचं नाही असं सांगितलं. माजघराला खिडकी नव्हती. दुकानाकडचं एक दार, आणि समोर कोठीची आंधळी भिंत. तिथं ती बसायची. डाव्या हाताला डबा, पुढं तांब्याची परात, परातीवर माश्या बसू नयेत म्हणून धुतलेला पंचा. पंचाच्या कडेखालनं ती एकेक दाणा आत सोडायची.

टिक्. टिक्.

केरबाला गादीवर बसून तो आवाज ऐकू यायचा. पहिले दोन दिवस बरं वाटलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या मनात आपोआप मोजणी चालायची. तिचा हात ओळखीचा होता : पाच-सहा दाणे भराभर, मग जरा दम, मग पुन्हा पाच-सहा.

तिसऱ्या दिवशी त्याला साताऱ्याला जावं लागलं. सैनिकांची चौकशी होते त्या कचेरीत तो दर दोन महिन्यांनी जायचा. तिथला कारकून लालासाहेब, जुना हवालदार, आता त्याला नावानं ओळखायचा आणि उठून खुर्ची द्यायचा.

"आवं तोडकरशेठ, दोन याद्या हायेत. मेलेल्यांची आन् धरलेल्यांची. तुमचा पोरगा दोन्हीत न्हाई."

"मग कुठं असंल?"

"याद्या पुऱ्या झाल्या न्हाईत आजून," लालासाहेब हळू म्हणाला. "मोजत्यात. लय माणसं हायेत."

परतीच्या गाडीत केरबाला उगाच वाटत राहिलं की त्यानं विचारायला हवं होतं, किती माणसं. मग वाटलं, बरं झालं विचारलं नाही.

घरी आला तेव्हा दुपार टळत होती. टिक्, टिक् चालू होतं. त्यानं चपला काढल्या आणि थांबला. आवाज बदलला होता. प्रत्येक दाण्यामागं सारखाच वेळ जात होता, एखादा माणूस पुढं यावा, वाकावा आणि बाजूला व्हावा, एवढा. आणि एक दाणा दुसऱ्यासारखा पडत नव्हता. एक हलकेच ठेवल्यासारखा, एक टाकल्यासारखा, एक थरथरत दोनदा वाजलेला.

त्यानं दारातनं डोकावलं. अंबूबाई तांब्यानं पाणी पीत होती, डोकं मागं टाकून, दोन्ही हातांनी तांब्या धरून.

टिक्.

उंदीर, केरबानं स्वतःला सांगितलं. नाहीतर तुळईतनं भुसा गळत असेल. त्यानं वर बघितलं, तुळई कोरडी होती. मग खाली बघितलं. वैशाखाचं ऊन, शेणानं सारवलेली जमीन खडखडीत वाळलेली. पण उंबऱ्यापासून परातीपर्यंत एक पट्टा ओला होता, आणि परातीपासून पुढं कोठीच्या भिंतीपर्यंत. भिंतीशी तो संपला होता.

"पाणी कुणी सांडलं?"

"कुणी न्हाई," अंबूबाई म्हणाली. "तुमी जेवला का?"

५

त्यानंतर चार दुपारी केरबानं दुकानातनं आत पाऊल टाकलं नाही. हे भित्रेपण होतं, हे त्याला कळत होतं. पण कारणं त्याच्याकडं व्यापाऱ्याची होती, म्हणजे ऐनवेळी उपयोगी पडणारी. बायकोचा नवस, मध्ये बोलू नये. उष्म्यानं तिचं डोकं हललं असेल तर हटकलं की वाढेल. सुकुमारला त्यानं बोलावून आवाज ऐकवला. सुकुमार बराच वेळ ऐकत बसला.

"वहिनी मोजत्यात की," तो म्हणाला.

"हात एकाचाच हाय का त्यो? नीट ऐक."

सुकुमारनं ऐकलं. मग तो उठला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा न घेता गेला.

पाचव्या दुपारी आवाज थांबला.

केरबा आत गेला. अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. डबा रिकामा होता. परातीवरचा पंचा मध्यभागी फुगलेला, दाण्यांच्या ढिगानं. ओला पट्टा आता पाऊलभर रुंद झाला होता आणि त्याला वास होता, नदीचा नव्हे, मिठाचा.

"झालं?" त्यानं विचारलं.

"एकच ऱ्हायलाय."

"डबा तर रिकामा हाय. दाणा कुठं हाय?"

"त्येच्याजवळ हाय. बाळासोजवळ."

 केरबा परातीपुढं बसला. "अगं, तू बघितलंस त्याला?"

"तोंडं न्हाई बघितली कुणाची. खाली मान घालूनच बसले मी. पायच तेवढे." ती अगदी सावकाश बोलत होती, पोराला झोपवताना बोलावं तशी. "समद्यांनी ठिवला. आता त्यो ठिवंल. मग नवस पुरा."

"समदे म्हंजे कोण? आन् ठिवून कुठं गेले?"

अंबूबाईनं कोठीच्या भिंतीकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी आली. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता.

पंचाची पलीकडची कड उचलली गेली. चार बोटं जातील एवढी.

हळदीचा सौदा उघड्या तोंडानं होत नाही. दोन माणसं हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. तीस वर्षं केरबा असे हात धरत आला होता. कुणाचा हात गरजू आहे, कुणाचा लबाड, कुणाचा नुसताच बघायला आलेला, हे त्याला चेहऱ्यापेक्षा लवकर कळे. त्यानं काही ठरवलं नाही. सवयीनं त्याचा उजवा हात पंचाखाली गेला.

तिथं हात होता. थंड असेल असं त्याला वाटलं होतं. तो तापलेला होता, तापातल्या माणसाचा असतो तसा, आणि ओला. तर्जनी आणि अंगठ्यात दाणा घट्ट धरलेला. केरबानं बोटं चाचपली. रुमालाखाली हजारो हात ओळखलेल्या त्या बोटांना एवढं एक सांगता येईना : हा आपल्या पोराचा आहे की नाही. गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा हात शेवटचा कधी धरला होता, तेच आठवेना.

हात परातीकडं जाऊ लागला, आणि मध्येच थांबला. पुढं जात नव्हता, मागंही येत नव्हता.

"ठिव बाळा," अंबूबाई म्हणाली.

आणि केरबाच्या डोक्यात एकदम दोन गोष्टी उभ्या राहिल्या. लाख पुरे झाले की पोरगं दारात येणार, ही एक. एवढी माणसं आली, एकेक दाणा ठेवून भिंतीकडं गेली, आणि एकही परत दारातनं बाहेर पडला नाही, ही दुसरी. दोन्ही खऱ्या वाटत होत्या. दोन्हींचा ताळा बसत होता.

त्यानं त्या बोटांतला दाणा काढून घेतला.

हात क्षणभर तसाच राहिला, रिकाम्या चिमटीनं. मग त्यानं केरबाचं एक बोट धरलं, जोरात, आणि सोडलं. पंचा खाली बसला.

६

अंबूबाई ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काय केलंसा तुमी?" आणि ते ती पुढं रोज विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी केरबानं बायांना बोलावलं. अंबूबाई बसायला तयार नव्हती, तिच्या जागी गल्लीतलीच रंगूबाई आली. एक लाख दोन भरले. सातजणींत समान वाटले, प्रत्येकीला चौदा हजार दोनशे शह्याऐंशी, वर काही नाही. पुन्हा मोजले तरी तेवढेच.

"बघा, झालं का न्हाई सरळ," साळूबाई म्हणाली.

सुकुमारनं पाटीवर मांडलं. दोनात जातो, तीनात जातो, सातात जातो. "फुटला की रं आकडा," तो म्हणाला, आणि केरबाचं तोंड बघून त्यानं पाटी पुसली.

तांदूळ हरिपूरला गेलाच नाही. अंबूबाई म्हणाली, अपुरा नवस देवाला द्यायचा नाही. परात माजघरातच राहिली, पंचाखाली.

लढाई संपली. सिंगापूरकडचे लोक परतू लागले. कवठ्याचा एक आला, हाडं मोजून घ्यावीत असा, पण आला. तासगावच्या दोघांच्या घरी ते गेल्याची पत्रं आली. ज्याची त्याची बातमी ज्याच्या त्याच्या घरी पोचली, बरी किंवा वाईट. साताऱ्याहून केरबाला कार्ड यायचं : अद्याप शोध लागला नाही. लालासाहेबानं एकदा खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, याद्या आता पुऱ्या झाल्या, तुमचं एकच नाव उरलंय, असं कसं ते कळत नाही.

दाणा केरबाच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. दोन उन्हाळे गेले तरी वाळला नव्हता. बोट लावलं की ओल लागायची, आणि ती ऊन असायची.

दुपारी पेठ निजली की अंबूबाई माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसायची. कधी कधी पंचाची पलीकडची कड चार बोटं उचलली जायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि खाली बसायची. त्या वेळी केरबा दुकानात खिशावर हात ठेवून बसलेला असायचा. पोराला त्यानं जाताना अडवलं होतं की येताना, हे त्याला कळलेलं नव्हतं. एकदा दाणा ठेवून बघावा, असं रोज वाटायचं. पण तो एकदाच ठेवता येणार होता.